वेस स्लाडेकची डावी बाही

होल्टन क्रीक, नेब्रास्का
फेब्रुवारीतला दुसरा गुरुवार

आदरणीय आर्डिथताईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे व्हर्लिनचा, वाकून नमस्कार. (हल्ली वाकलो की परत सरळ व्हायला मिनिटभर लागतं, तेव्हा हा नमस्कार नेहमीपेक्षा लांबला असं समज.) तुझी कंबर कशी आहे? ओरिनदाजींचा खोकला गेला, की अजून ते त्याला ‘धूळ गेली घशात’ असंच म्हणतायत? तू विणून पाठवलेले मोजे पोचले. एक मोठा आहे आणि एक लहान, पण माझे पायही आता तसेच झाले आहेत, त्यामुळे अगदी मापात बसले. मी खुशाल आहे. निदान पत्राच्या सुरुवातीला तसं म्हणायची पद्धत आहे आणि ती मी मोडणार नाही.

गेले चार दिवस मी होल्टन क्रीकला आहे, तुझ्या घरापासून चाळीस मैलांवर, आणि तरी तुझ्याकडे आलो नाही, याचा तुला राग आला असेल. येणारच होतो. सोमवारी गाडी तुझ्या रस्त्याला वळवणारही होतो. पण गाडीतून गरम वारा येतो तो फक्त माझ्या डाव्या घोट्यावर, बाकीचा मी उघड्यावर असल्यासारखा असतो, आणि बोटं अशी आखडली की वळण सुटलं. (खरं कारण हे नाही. ते पुढे येईल.)

तुला माझा धंदा कधीच पटला नाही आणि आता तर मलाही पटेनासा झाला आहे. कॉलेजांचा बेसबॉलचा हंगाम सुरू व्हायला दोन आठवडे असतात, तेव्हा एकाच संघाची पोरं दोन तुकड्या करून आपापसात खेळतात, आणि मोठ्या क्लबांनी पाठवलेले आम्ही म्हातारे लाकडी बाकांवर बसून कुणाचं मोल किती ते ठरवतो. वीसपासून ऐंशीपर्यंत गुण. धावणं, फेकणं, बॅट चालवणं, सगळ्याला आकडा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. आम्ही तर तांदूळ भिजत घातल्याबरोबरच भात कसा होणार ते लिहून मोकळे होतो. थंडीत बॅटच्या झिणझिण्या कोपरापर्यंत जातात, चेंडू टाकणारा असतो खोलीतलाच दोस्त, तो काही जीव तोडून टाकत नाही, आणि कुणाला आदल्या दिवशी परीक्षेत भोपळा मिळालेला असतो. यातून ज्याचा आकडा खाली गेला, त्याच्याकडे एप्रिल-मेमध्ये कुणी फिरकत नाही. सदतीस वर्षं मी हे करतो आहे आणि मला चांगला पारखी म्हणतात.

पहिल्या दिवशी मंगळवारी मैदानावर धुकं इतकं होतं की लांबचं कुंपण दिसतच नव्हतं. पोरं धुक्यात मागे जायची आणि नुसता चेंडू परत यायचा. बाकांवर मी आणि लमार गेंट्री, दोघंच. (लमार म्हणजे तोच, दुसऱ्या क्लबासाठी पोरं बघतो, तुझ्याकडे एकदा आला होता आणि अख्खा हॅम संपवून ‘भूक नाही’ म्हणाला होता.) त्याने या वर्षी युक्ती म्हणून कोटाखाली गरम पाण्याची पिशवी बांधून आणली होती. ती दुसऱ्या डावात फुटली. उठून झटकावं तर तेवढ्यात तो बाकाला गोठून चिकटला. मी त्याला सोडवायला ओढत होतो, तो शिव्या घालत होता, आणि तेवढ्यात वेस स्लाडेक खेळायला आला.

वीस वर्षांचा पोरगा, उंच, खांदे रुंद, तिसऱ्या बेसवर खेळतो. त्याने चेंडू जमिनीलगत मारला आणि पहिल्या बेसकडे, नव्वद फुटांवरच्या त्या पांढऱ्या गादीकडे, धावला. मी सवयीने घड्याळाची कळ दाबली. चार पूर्णांक सेहेचाळीस सेकंद. सावकाश आहे, पण त्यात विशेष काही नाही. पुन्हा त्याची पाळी आली. चार पूर्णांक सेहेचाळीस. तिसऱ्या वेळी तर बॅट हातातून निसटल्यामुळे तो मध्येच अडखळला, हात टेकून सावरला आणि मग पळाला. चार पूर्णांक सेहेचाळीस.

मी लमारला म्हटलं, “माझं घड्याळ गेलं बहुतेक. तुझ्यात किती आलं?”

त्याने आपलं घड्याळ नाकाशी धरलं. “चार सेहेचाळीस. का रे?”

“तिन्ही वेळा?”

“तिन्ही वेळा. पोरगा नेमाने धावतो, त्यात तुझं काय जातं? माझ्या पँटकडे बघ आधी.”

ताई, माणूस असा धावत नाही. घोडाही धावत नाही. मग मी त्याच्याकडे नीट पाहायला लागलो, आणि न पाहतो तर बरं झालं असतं. प्रत्येक चेंडूआधी तो उजव्या हाताच्या दोन बोटांनी डाव्या हाताची बाही ओढायचा. दोनदा. चेंडू अंगालगत आला की तोंड वळवायचा. धावताना त्याची मान आधी पुढे जायची आणि मागून पाय यायचे. आणि बेसवर पोचला की मान वाकडी करून मागे बघायचा, जणू काही कुणी त्याच्या पाठोपाठ धावत आलं आहे. त्याच्यामागे कुणी नव्हतं. पण तो बघायचा तेव्हा मीही बघायचो.

मग यादीतलं आडनाव डोक्यात शिरलं. स्लाडेक. एकोणतीस वर्षांपूर्वी याच मैदानावर मिलो स्लाडेक नावाच्या पोराला पाहायला मला पाठवलं होतं, तोही तिसऱ्या बेसवरचाच. माझ्या सगळ्या जुन्या वह्या गाडीच्या डिकीत असतात. (सुटं चाक ठेवायला जागा नाही, पण वह्या आहेत. गेल्या महिन्यात टायर फुटला तेव्हा मी रस्त्याच्या कडेला बसून एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालची वही वाचली.) मिलोच्या वर्षाची वही काढली. पान सापडलं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं: पहिल्या बेसपर्यंत चार सेहेचाळीस. डावी बाही ओढतो, दोनदा. अंगालगतच्या चेंडूला तोंड वळवतो. धावताना मान आधी, पाय नंतर. पोचल्यावर मागे बघतो. एकूण मोल पस्तीस. वेळ घालवू नये.

बापाचं पोरात उतरलं, त्यात काय एवढं, असं तू म्हणशील. मीही तसंच म्हटलं. मोटेलच्या खोलीत मोठ्याने तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप आली, म्हणून गप्प बसलो.

बुधवारी सकाळी धुकं विरळ झालं होतं. माझ्या बाकावर आधीच एक माणूस येऊन बसला होता, पन्नाशीचा, धान्याच्या कोठारात काम करणाऱ्यांचं असतं तसं जाकीट, शेजारी थर्मास. मी जवळ गेलो तसा उठून उभा राहिला आणि टोपी काढली. “हॅवरकँप साहेब ना? मी मिलो स्लाडेक. वेसचा बाप. तुम्ही मला ओळखणार नाही.”

मी म्हटलं, ओळखलं. त्याने थर्मासमधली कॉफी मला ओतून दिली, मांडीवर डबा उघडून जर्दाळू भरलेलं कोलाची (त्यांच्याकडचा गोड पाव) पुढे केलं आणि म्हणाला, “साहेब, किती वर्षं तुमचे आभार मानायचे राहून गेलेत.”

मला वाटलं, आता हा थर्मास माझ्या डोक्यात घालणार. पण तो मनापासून बोलत होता. त्या वेळच्या प्रशिक्षकाने माझ्या अहवालाची नक्कल मागून घेतली होती आणि मिलोला खोलीत बोलावून वाचून दाखवली होती. त्याने खिशातून एक प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. आत तो कागद. घड्यांवर फाटलेला, चिकटपट्टीने जोडलेला.

“तोवर सगळे मला चांगलाच म्हणायचे,” तो म्हणाला. “घरचे, गावचे, प्रशिक्षकसुद्धा. मी बाही ओढतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला स्वतःला ठाऊक नव्हतं, बघा! तुमचं वाचलं आणि दुसऱ्या दिवशी खेळायला उभा राहिलो, तर खरंच हात बाहीकडे गेला. मग कळायला लागलं. प्रत्येक चेंडूला जायचा. मागे बघायचं तेही तसंच. तुम्ही लिहीपर्यंत मला माझ्यामागे कुणी आहे असं वाटलंच नव्हतं.”

“आणि मग?” मी विचारलं.

“मग काय, मे महिन्यात सोडलं. पस्तीसचा माणूस मी, उगाच कशाला आशेवर राहायचं? कोठारावर लागलो. बायको चांगली मिळाली. तक्रार नाही.” मग थोडं पुढे सरकून, आवाज उतरवून म्हणाला, “पण पोराच्या बाबतीत तसंच खरं खरं लिहा, साहेब. इथले लोक त्याला चढवून ठेवतात. तुम्ही डोळ्यांनी बघून सांगता. लहानपणी अंगणात तो माझ्याबरोबर खेळायचा, तेव्हापासून बाही ओढतो. मी सोडवायचा फार प्रयत्न केला. कागद वाचून दाखवायचो त्याला.”

ताई, कोलाची माझ्या हातातच होतं. समोर पोरगा उभा होता, बाही ओढत होता, आणि शेजारी बापाचीही दोन बोटं जाकिटाच्या बाहीवर गेली. दोघांचा हात एकदमच जायचा. बापाला त्याचा पत्ता नव्हता.

(लमार त्या दिवशी आला नाही. त्याला सर्दी झाली. म्हणजे त्या बाकावर आम्ही दोघंच. हे सांगायचं कारण, मला मागून सारखा तिसऱ्या माणसाच्या पेन्सिलीचा आवाज येत होता. वळून बघितलं की काही नाही. मी मागे वळलो की मिलो ओळखीचं हसायचा. “तुम्हालाही होतं का तसं?” म्हणायचा.)

गुरुवारी, म्हणजे आज, मी जे केलं ते सदतीस वर्षांत केलं नव्हतं. खेळाडूंशी आम्ही बोलत नाही. पण सकाळी वेस कुंपणापाशी बूट बांधत होता, तिथे गेलो आणि म्हटलं, “पोरा, आज आखूड बाह्यांचा सदरा घाल.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे. “सर, पाणी गोठलंय.”

“मी सांगतो म्हणून घाल.”

बिचारा घालून आला. दंडावर काटा उभा राहिलेला, ओठ निळे. बाकीची पोरं त्याला हसत होती, प्रशिक्षक माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. मी मनात म्हटलं, बाहीच नाही तर ओढशील काय? पहिला चेंडू यायच्या आधी त्याचा उजवा हात वर गेला आणि दोन बोटांनी त्याने उघड्या दंडाची कातडी चिमटीत धरून ओढली. दोनदा. पाच चेंडूंनंतर तिथे लाल वळ दिसायला लागला. मला बाकावर बसवेना. पलीकडे बाप आजही थर्मास घेऊन बसला होता, उठून त्याच्यासमोर गेलो आणि कॉफी तेवढी मागून परत आलो.

मग सातव्या डावात मैदानावरून हंसांचा एक थवा गेला. इतका खालून, की पंखांचा वारा लागला. वेसने वर पाहिलं. पाहतच राहिला, तोंड उघडं टाकून, लहान मूल बघतं तसं. चेंडू टाकणाऱ्यानेही थांबायचं सोडून टाकूनच दिला. वेसला भान आलं तेव्हा चेंडू अर्ध्या वाटेवर होता. बाही ओढायला वेळच नव्हता. चेंडू अंगालगत येत होता, आणि त्याने तोंड वळवलं नाही. नुसती बॅट फिरवली.

तो आवाज मी आयुष्यात तीन-चारदाच ऐकला आहे. चेंडू कुंपणावरून गेला, पलीकडच्या रस्त्यावरून गेला आणि सोयाबीनच्या रिकाम्या शेतात कुठेतरी पडला. वेस स्वतःच चकित होऊन उभा होता. मग बापाने बाकावरून ओरडून सांगितलं, “पळ रे!” आणि पोरगा पळाला, मान आधी, पाय नंतर, आणि पहिल्या बेसवर मागे वळून बघितलं.

एका चेंडूवर मोल ठरवायचं नसतं, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम मीच नव्या लोकांना शिकवतो. दुपारी मोटेलवर येऊन अहवाल लिहिला. बॅट चालवण्याला पासष्ट. धावण्याचा रकाना कोरा. सवयींचा रकाना कोरा. शेवटी लिहिलं, याला एप्रिलमध्ये दुसऱ्या कुणी येऊन बघावं, आणि त्या माणसाने हा अहवाल वाचू नये. लगेच आमच्या किपचा फोन आला. (किप एकोणतीस वर्षांचा आहे, माझा वरिष्ठ आहे आणि मला ‘दोस्ता’ म्हणतो.) “दोस्ता, तीन दिवसांत एक चेंडू? तब्येत बरी आहे ना?” मी म्हटलं, बरी नाही, पण चेंडू खरा होता. तिकडे त्याने कॅलेंडरची पानं उलटली. मग म्हणाला, ठीक आहे, बाकीचा अहवाल वाचत नाही, एप्रिलमध्ये मीच येतो. म्हणजे पोराचं दार अजून बंद झालेलं नाही. एवढंच मला साधलं.

ओरिनदाजींना नमस्कार. कमरेला ऊब दे. जड काही उचलू नकोस. दाजींना तर मुळीच उचलू नकोस.

तुझा आज्ञाधारक (लहानपणी नव्हतो, आता आहे),
व्हर्लिन

ता. क. वर मी मिलो स्लाडेकला पाहायला गेलो होतो असं लिहिलं नाही, पाठवलं होतं असं लिहिलं. तुझ्या लक्षात आलं असेलच. मी त्याला पाहिलंच नव्हतं. त्या फेब्रुवारीत दोन दिवस गारा पडत होत्या आणि मी तुझ्याकडे येऊन राहिलो होतो. सामना रद्द झाला, असं तुला सांगितलं, आठवतं? रद्द झाला नव्हता. मला थंडीत बसायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुझ्या स्वयंपाकघरात बसून मी त्या पोराचा अहवाल रचला. दाजी वर्तमानपत्र वाचताना बाही ओढत होते, ते लिहिलं. खिडकीबाहेर तुझा तपकिरी कोंबडा अंगण ओलांडत होता, मान आधी, पाय नंतर, आणि पलीकडे पोचला की मागे बघायचा. तेही लिहिलं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून सेहेचाळीस मिनिटं झाली होती. मग पस्तीस गुण दिले आणि तुझी भाकरी-भाजी खाल्ली. त्या माणसात नव्हतं ते मी लिहिलं आणि त्याने ते अंगात आणलं, आणि पोराला दिलं. म्हणून तुझ्याकडे यायला माझी गाडी वळेना.

आता खरं काम. माझी बहीण इथून जवळ राहते, असं मी मिलोला बोलून बसलो. शनिवारी तो कोलाचीचा डबा घेऊन तुला भेटायला येणार आहे. विषय निघेलच. तेव्हा एवढंच सांग, की व्हर्लिन त्या दिवशी दुपारी घराबाहेर पडला होता, संध्याकाळी भिजून परत आला. तू आयुष्यात खोटं बोलली नाहीस, हे मला माहीत आहे. एकदाच.

ता. क. २. पत्र टाकायच्या आत पोस्टासमोर मिलोच भेटला. दिवसाउजेडी, भर रस्त्यात, मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. कोंबड्यासकट. म्हटलं, मी तिथे नव्हतोच, तुम्हाला मी पाहिलंच नाही, तुम्ही कसे खेळता ते मला अजूनही माहीत नाही.

तो रागावला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून, आजाऱ्याला समजावावं तसा म्हणाला, “साहेब, वय झालं की होतं असं. तुम्ही होतात. दोन्ही दिवस. तिसऱ्या रांगेत एकटेच बसला होतात, गारांत. लाल लोकरीची टोपी होती, कानापाशी उसवलेली. हातमोजे काढून सारखे लिहीत होतात. मी दर वेळी बेसवर पोचलो की वळून तुमच्याकडेच बघायचो.”

ताई, ती टोपी तूच विणली होतीस. दोन्ही दिवस ती तुझ्या शेगडीवरच्या खुंटीवर वाळत होती आणि त्या शनिवारी मी जाताना तू तिचा कान शिवून दिलास.

तेव्हा मिलोला काही खोटं सांगू नकोस. मला मात्र पत्राने कळव, मी त्या दोन दिवसांत घराबाहेर पडलो होतो की नाही. हो किंवा नाही, एवढंच. नीट आठवून लिही, कारण तू जे लिहिशील ते मी खरं धरून चालणार आहे, आणि तसं चालून माणसाचं काय होतं ते मी नुकतंच बघितलं आहे.